डलॉनेगात मित्रमंडळींसोबत शनिवार-रविवार: बेत कसा आखावा

अटलांटाच्या उत्तरेला साधारण ६५ मैलांवर, डोंगर सुरू होतात तिथे डलॉनेगा हे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं छोटंसं गाव आहे. मधोमध चौक, चौकात १८३६ सालची विटांची कोर्टाची इमारत, भोवती जुनी दुकानं. हे सगळं दहा मिनिटांत पायी फिरून होतं. पण इथे येणारे दोन दिवसांत खाण, धबधबा, ट्रेक आणि वाइन चाखायला तीन-चार द्राक्षमळे कोंबतात आणि अर्धी सुट्टी गाडीत घालवतात. दिवसाला एकच मोठं काम ठरवा आणि उरलेला वेळ मोकळा ठेवा.

तारीख आणि घर

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार-रविवार टाळा. त्या दिवसांत ‘गोल्ड रश डेज’ची जत्रा भरते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. पानांचे रंग बघायचे असतील तर ऑक्टोबरचा शेवट उत्तम, मात्र घर दोन-तीन महिने आधी घ्यावं लागतं. निवांतपणाच हवा असेल तर एप्रिलमध्ये या.

सहा-आठ जण असाल तर चौकातून चालत जाता येईल असं अख्खं घर भाड्याने घ्या. डोंगरातली केबिन फोटोत फार छान दिसते, पण रात्री जेवून अंधाऱ्या वळणांवरून परतावं लागतं आणि गाडी चालवणारा दोन्ही दिवस अडकून पडतो. तरीही केबिनच घ्यायची असेल तर मालकाला आधीच विचारा: शेवटचा रस्ता कच्चा आणि चढाचा आहे का, फोनला रेंज येते का? या भागात काळी अस्वलं आहेत, म्हणून खाऊ आणि कचरा रात्री बाहेर ठेवू नका.

शुक्रवारी जॉर्जिया ४०० हायवेवर दुपारी तीनच्या आत लागा, नाहीतर सरळ सातनंतर निघा. मधल्या वेळेत सगळं अटलांटा त्याच रस्त्यावर असतं.

शनिवार: सोनं

सकाळी आधी कोर्टाच्या इमारतीतलं गोल्ड म्युझियम बघा, तासभर पुरतो. विटा इथल्याच मातीच्या आहेत, त्यामुळे त्यांतही सोन्याचे कण आहेत. १८२९ च्या सुमारास इथे सोन्यासाठी झुंबड उडाली. ही जमीन चेरोकी लोकांची होती आणि गावाचं नावही ‘पिवळा’ या अर्थाच्या त्यांच्याच शब्दावरून आलं. १८३८ साली गावात सरकारी टांकसाळ सुरू झाली आणि त्याच वर्षी चेरोकींना हाकलून पश्चिमेकडे चालवत नेलं. हे माहीत असलं की पुढची खाण नुसती गंमत म्हणून बघवत नाही.

कन्सॉलिडेटेड खाणीत जमिनीखाली बारा महिने १५-१६ अंश सेल्सिअस तापमान असतं, म्हणून भर उन्हाळ्यातही जाकीट घ्या. तिथे आणि क्रिसन खाणीत पाटीत, म्हणजे एका बाजूला खाचा असलेल्या पसरट थाळीत, वाळू घोळून सोनं शोधता येतं. त्याची रीत अशी:

१. वाळूची पाटी पाण्यात पूर्ण बुडवा आणि चिकणमातीचे गोळे बोटांनी फोडा. गोळ्यात अडकलेलं सोनं त्याच्यासकट वाहून जातं.

२. पाटी सपाट धरून अर्धा मिनिट डावी-उजवीकडे जोरात हलवा. सोनं वाळूच्या सातपट जड असल्यामुळे तळाशी बसतं.

३. खाचांची बाजू आपल्यापासून लांब ठेवून पाटी किंचित कलती करा आणि फक्त वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्या. पुन्हा सपाट, पुन्हा हलवा. बहुतेकांचं सोनं इथेच जातं, कारण ते हलवायचं सोडून नुसतं ओतत राहतात.

४. चमचाभर काळी वाळू उरली की थोडं पाणी घेऊन पाटी हळूच गोल फिरवा. काळ्या वाळूमागे पिवळे ठिपके उघडे पडतात. कोरड्या बोटाचं टोक दाबून कण उचला आणि पाण्याच्या कुपीत बुडवा.

हाताला सनस्क्रीन किंवा तेल लावलेलं असेल तर आधी साबणाने धुवा. तेलकट पाण्यात बारीक सोनं बुडत नाही, तरंगून निघून जातं.

दुपारनंतर एकच द्राक्षमळा गाठा. सहापेक्षा जास्त जण असाल तर आधी फोन करा आणि गाडी कोण चालवणार हे निघतानाच ठरवा.

जेवण

१९२२ पासून चालत आलेल्या स्मिथ हाउसमध्ये मोठमोठे वाडगे टेबलावर ठेवतात आणि ते फिरवून सगळे वाढून घेतात, अगदी घरच्या पंगतीसारखं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, मीठ-लोणी घातलेल्या. तळलेली भेंडीही सगळीकडे मिळते. शाकाहारी मंडळींनी मात्र दक्षिणेत कुठेही पालेभाजी आणि फरसबी मागवण्याआधी विचारून घ्यावं, कारण दोन्हींत डुकराचं मांस घालून शिजवण्याची पद्धत आहे. ‘व्हेजिटेबल’च्या यादीत असलं तरी विचारा.

रविवार: ॲमिकलोला धबधबा

सकाळीच सामान गाडीत भरून घर सोडा. धबधबा पश्चिमेला साधारण २० मैलांवर आहे आणि तिथून डॉसनव्हिलमार्गे परस्पर जॉर्जिया ४०० ला लागता येतं, गावात परत यायची गरज नाही. रस्ता वळणांचा असल्याने ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि पार्किंगसाठी पैसे काढून ठेवा.

धबधबा ७२९ फुटांचा आणि पायऱ्या ६०४. नऊच्या सुमारास पोचलात तर पायऱ्यांवर गर्दी नसते. गुडघे दुखणाऱ्यांना वर ओढत नेऊ नका. वेस्ट रिज ही जवळजवळ सपाट वाट थेट मधल्या पुलावर जाते आणि धबधबा सगळ्यात जवळून तिथूनच दिसतो. दणकट मंडळी खालून चढतील, बाकीचे या वाटेने येतील, पुलावर सगळे भेटतील. डबे तिथे न उघडता खालच्या पिकनिकच्या बाकांवर उघडा आणि दीडच्या आत परतीला लागा.