गुडगुड थांबली तर?

नव्या सिस्टरना मी पहिल्याच रात्री सांगते: बबल सीपॅपची, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाला श्वासासाठी नाकातून सतत दाबानं हवा देणाऱ्या यंत्राची, पाण्याची बाटली कानानं सांभाळायची; बुडबुड्यांची गुडगुड ऐकू यायला हवी. नळी पाण्यात 5 सेंटिमीटर बुडवली की बाळाच्या फुफ्फुसांना तेवढाच दाब मिळतो. गुडगुड थांबली म्हणजे बहुधा हवा गळतेय. आधी बाळाकडे बघा, मग नाकाकडे. प्रॉन्ग, म्हणजे नाकपुड्यांत बसवलेली छोटी नळी, निसटलाय? तोंड उघडंय? त्यानंतर नळीचे सांधे.

प्रॉन्ग घट्ट खुपसू नका. नाकपुड्यांमधल्या पडद्यापासून 2 मिलिमीटर अंतर हवंच. एकदा माझ्याकडून राहिलं, ती लाल खूण आठवडाभर मलाच टोचत होती. नळ्या धरून ठेवणारी बाळाची टोपी सैल असली तर सगळंच हलतं. पोट फुगलं तर तोंडातून पोटात गेलेली नळी उघडी ठेवा. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 90 ते 95 टक्के. 100 दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, जास्तीचा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला महागात पडतो.