हौसिंग बदलताना जुना प्रोपेलर शाफ्ट घेताय? या चुका टाळा

ट्रकचं मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधलं गिअर बसतात ते लोखंडी घर, बदलायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष हौसिंगवरच. आतल्या गिअरजोडीचे, क्राऊन-पिनियनचे, दात मोजतील, ड्रममध्ये हात फिरवून बघतील, भाव करण्यात अर्धा दिवस घालवतील आणि गिअरबॉक्समधनं हौसिंगपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या नळीचं, प्रोपेलर शाफ्टचं, विचारलं की 'तो काय, मिळतोय की कुठंबी'. मिळतोय, बरोबर आहे. बेळगावात ऑटोनगरला जावा नाहीतर निपाणी ओलांडून कोल्हापूरला जावा, ढिगानं पडलेत. पण तुमच्या गाडीला बसणारा त्यात एखादाच असतोय, आणि तो ओळखायला खिशात माप लागतंय.

सगळ्यात मोठी चूक मापाचीच. गाडी जॅकवर, हौसिंग कमानीसकट (स्प्रिंगच्या पट्ट्यांसकट) खाली लोंबतंय, आणि त्याच अवस्थेत टेप लावून लांबी घेतात. चाकं जमिनीला टेकली, वर माल पडला, कमान बसली की पिनियनची जागा आणि कोन दोन्ही बदलतात. आमच्या दाजींच्या गाडीचं असंच झालं. मोठ्या गाडीचं हौसिंग टाकलेलं, त्याचं नाक आधीच्यापेक्षा लांब, आणि मेस्त्रीनं लटकत्या मापावर जुना शाफ्ट कापून वेल्डिंग करून दिला. रिकामी गाडी दोन दिवस झकास पळाली. तिसऱ्या दिवशी संकेश्वरहून साखरेची पोती भरून निघाले आणि तवंदी घाटात रात्री फोन, खालनं ठोकल्यासारखा आवाज येतोय म्हणून. मी जाऊन बॅटरी मारून बघितलं तर स्लिप, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड, पूर्ण आत जाऊन बसलेली, अजून आत जायला कागदाएवढी फट नाही, आणि खड्ड्यात प्रत्येक दणका सरळ पुढं जाऊन शाफ्टला मधे पेलणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटून लोंबत होतं. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधनं ऑइल गळायलेलं. माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला. शाफ्ट स्वस्तात पडला म्हणून केलेलं सगळं काम तिथंच वाया गेलं.

म्हणून मी माप नेहमी चाकं जमिनीवर ठेवूनच घेतो, आणि एकदा रिकामं, एकदा भरून. भरलेल्या मापाला स्लिप अजून इंच-सव्वा इंच आत जाईल एवढी जागा ठेवतो. उशीर होतोय म्हणणाऱ्याची गाडी मी हातात घेत नाही, स्पष्ट सांगतो.

दुसरं, क्रॉसचं माप. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, त्याच्या चारी टोकांवरच्या टोप्या म्हणजे कप. नवीन पोरं नुसता कपचा व्यास मोजून येतात. स्पायसर कंपनीच्या नंबरात १३५० आणि १४१० चा कप एकच, ३०.२ मिलिमीटर. पण टोकापासून टोकापर्यंतची लांबी एकाची ९२ आणि दुसऱ्याची १०६. उलट १४१० आणि १४८० ची लांबी सारखी, पण १४८० चा कप जवळजवळ ३५. एकच माप घेऊन गेलात तर 'सेम आहे, घेऊन जावा' म्हणणारा माणूस तुम्हाला हमखास भेटणार. कॅलिपरनं दोन्ही मापं घ्या आणि कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. आणि क्रॉस जुना घेऊच नका हो, नवाच टाका. जुनं घ्यायचं ते योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा तुकडा) आणि नळी.

आता ज्या चुकीचा मला खरंच राग येतो ती. एका शाफ्टची स्लिप, दुसऱ्याची नळी, दाते जुळले की झालं काम. अहो, क्रॉस कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतोय, दोनदा कमी करतोय, आणि समोरच्या टोकाचा क्रॉस तो फरक मारून टाकतोय. पण कधी? एकाच शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे कान एका रेषेत असतील तेव्हाच. स्लिप एक दाता जरी सरकून बसली तरी गाडी ठराविक स्पीडला थरथरायला लागते, मग लोक टायर बदलतात, बॅलन्सिंग करतात, गिअरबॉक्सला नावं ठेवतात. मी खोलायच्या आधीच दोन्ही भागांवर पंचनं खूण मारतो, वरनं पांढरा रंग. सेट म्हणूनच घ्या, पाच-सातशे जास्त जाऊदेत. आणि नळीवर बॅलन्सच्या पट्ट्या वेल्डनं चिकटवलेल्या असतात, त्यातली एक निघाल्याचा डाग दिसला तर शाफ्ट परत ठेवा.

फ्लँजची (शाफ्ट बोल्टनं जोडायच्या चकतीची) भोकं जुळत नाहीत म्हणून कानस मारून लांबट करणं बंद करा. फ्लँज सेंटरला बसतं ते मधल्या कडेवर, बोल्टवर नाही, ती कड जुळली नाही तर कितीही आवळा, उपयोग नाही.

नळीला पोचा असेल तर नको. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर तो जॉइंट कोरडाच पळालाय, योकची भोकं घासली असतील, बोट घालून बघा. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा कोन एकमेकांशी एक डिग्रीच्या आत जुळवा आणि मगच कमानीच्या बैठका पक्क्या वेल्ड करा, आधी नुसते टाके मारा. मोबाईल फ्लँजला टेकवला की कोन कळतोय, आता काय अवघड राहिलंय त्यात. बिल घ्या. हौसिंग बदललं की आर.टी.ओ.ला विचारून कागद करून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतंय ते.

बसवून झालं की पहिली फेरी रिकामी, दुसरी अर्ध्या मालावर. परत आल्यावर गाडीखाली शिरून सगळे फ्लँज बोल्ट पान्यानं एकदा आवळायचे आणि कपांना हात लावायचा. एखादा कप बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला तर तो जॉइंट त्याच दिवशी खोलायचा, सकाळची वाट बघायची नाही.