होडी शाकारताय? आधी आढं उभारा

१ जूनपासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. सैल ताडपत्रीत पाणी साचतं आणि ती नेमकी तिथेच फाटते.

१. नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत मधोमध उंच आडवा बांबू बांधा, हेच आढं. ताडपत्री त्यावरून दोन्ही बाजूंना उतरती सोडा, घराच्या कौलांसारखी. होडीच्या काठाच्या खाली हातभर तरी यायला हवी.
२. ताडपत्री घासू नये म्हणून बांबूच्या टोकांना आणि काठाच्या कोपऱ्यांवर जुन्या टायरचे तुकडे बांधा.
३. दोरी होडीच्या बुडाखालून फिरवा. ताडपत्रीच्या नुसत्या कड्यांवर भरवसा नको, वाऱ्याने त्या उपटतात.
४. दोन्ही टोकांना हवेला वाट ठेवा, नाहीतर आत बुरशी. उघडीप मिळाली की एक बाजू वर करा.

होडीला दिलेल्या टेकूंना मात्र दोरी कधीच बांधू नका. ताडपत्री फडफडली की टेकूच निसटतो.