झाडे जगवणाऱ्यांचा सत्कार कसा करावा

मुंबई शहराला २०२१ सालासाठी ‘ट्री सिटी ऑफ द वर्ल्ड’ ही मान्यता मिळाली. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि अमेरिकेतील आर्बर डे फाउंडेशन यांच्या या उपक्रमाचे पाच निकष आहेत. झाडांची जबाबदारी कोणाकडे आहे हे निश्चित असणे, नियम असणे, झाडांची मोजदाद झालेली असणे आणि पैशांची तरतूद असणे, हे पहिले चार निकष महापालिकेनेच पूर्ण करायचे असतात. पाचवा निकष मात्र झाडांचा सोहळा दरवर्षी साजरा करावा आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या नागरिकांची व कर्मचाऱ्यांची दखल घ्यावी, असे सांगतो. हे काम एखादी गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळ किंवा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गटही करू शकतो, आणि माझ्या मते अधिक चांगले करू शकतो, कारण कोणत्या झाडाला कोणी पाणी घातले हे गल्लीतच ठाऊक असते.

तयारीची सुरुवात सभागृहापासून नव्हे, तर यादीपासून करावी. रोप लावणाऱ्यांची यादी सहज मिळते, कारण पाच जूनला त्या प्रत्येकाचे छायाचित्र निघालेले असते. जगवणाऱ्यांची यादी शोधावी लागते. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतो आणि त्यानंतर पुढचे आठ महिने रोप माणसाच्या भरवशावर असते. साधारण तीन उन्हाळे निघाले की मुळे खोल जातात आणि झाड आपले पाणी आपण शोधू लागते. म्हणून आम्ही सत्कारासाठी तीन उन्हाळ्यांचा नियम ठेवला आहे. लावलेल्या रोपांचा आकडा विचारायचा नाही, आज उभी असलेली झाडे मोजायची.

ही मोजणी दोघांनी वही घेऊन पायी करावी. प्रत्येक जगलेल्या झाडापाशी थांबून जवळच्या पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला किंवा वॉचमनला “याला पाणी कोण घालतं?” एवढेच विचारावे. पहिल्या वर्षी आम्ही हे केले नाही. समितीच्या व्हॉट्सॲप गटावर जी नावे आली ती घेतली. कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडायला मदत करणारा इस्त्रीवाला शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि ज्या करंजाच्या सावलीत त्याचे टेबल आहे तो करंज त्यानेच रोज संध्याकाळी उरलेली बादली ओतून वाढवला होता, हे आम्हाला चहाच्या वेळी कळले. त्याचे नाव यादीत नव्हते.

पाणी घालणाऱ्यांखेरीज आणखी काही जण यादीत हवेत. बुंध्यात ठोकलेले खिळे आणि तारा काढणारे, पेव्हर ब्लॉक उचलून झाडाभोवती आळे मोकळे करणारे, वटपौर्णिमेला बाजारातली फांदी विकत न घेता वडापाशी जाऊन पूजा करावी म्हणून घरोघरी सांगणाऱ्या बायका, हे सारे त्यात येतात. हरकती लिहिणारे सहसा विसरले जातात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्यानुसार वृक्षतोडीच्या प्रस्तावाची सूचना झाडावर लावली जाते आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. ती सूचना वाचणे, झाडाचे वय आणि घेर तपासणे, मुदतीत मुद्देसूद पत्र देणे आणि सुनावणीला हजर राहणे हे एकट्याने बसून करायचे काम आहे, त्याचे छायाचित्र निघत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. आपल्या वॉर्डातील अशा झाडांची नोंद ठेवणाऱ्यालाही याच रांगेत बसवावे.

महापालिकेच्या उद्यान विभागातील माळी आणि पावसाळ्यापूर्वी छाटणीसाठी झाडावर चढणारे कंत्राटी कामगार यांना वगळू नये. त्यांच्याशी वर्षभर आपले भांडण होत असते, छाटणी जास्त झाली म्हणून किंवा झालीच नाही म्हणून, हे खरे. तरीही दोरावर लोंबकळत करवत चालवणारा माणूस त्याला मिळालेला आदेशच पाळत असतो. आमच्याकडे प्रमुख पाहुणा म्हणून सर्वात ज्येष्ठ माळ्यालाच बोलावण्याची पद्धत पडली आहे. लोकप्रतिनिधी आले तर आनंद आहे. त्यांची खुर्ची प्रेक्षकांत मांडावी आणि तसे त्यांना आधीच सांगावे, म्हणजे अवघडलेपण राहत नाही.

सर्वाधिक कष्ट मानपत्राच्या मजकुरावर घ्यावेत. ‘पर्यावरण क्षेत्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल’ हे वाक्य कोणाच्याही नावापुढे चालते, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे: ‘बसथांब्यामागची तीन ताम्हणे आपण चार उन्हाळे पाणी घालून जगवलीत. त्यांपैकी मधल्या झाडाला गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा फुले आली.’ दोन वाक्ये पुरेत. झाडाचे नाव, जागा, उन्हाळ्यांची संख्या आणि डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट त्यांत असली की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो. नावाचे लेखन आणि उच्चार ज्याचा त्यालाच विचारून घ्यावा, आणि मानपत्र त्याला वाचता येईल अशा भाषेत द्यावे; मुंबईत ती प्रत्येक वेळी मराठी असेलच असे नाही.

शाल आणि श्रीफळ द्यायला हरकत नाही, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ टाळावा. भेट म्हणून रोप देण्याची प्रथा मला फारशी पटत नाही, कारण चाळीतल्या खोलीत किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये ते ठेवणार कुठे? चांगले सिकेटर (छाटणीची कात्री), चामडी हातमोजे, खुरपे किंवा मजबूत झारी यांचा उपयोग होतो. माळ्यांना आम्ही पावसाळी बूट दिले, आणि मापे आधी न विचारल्यामुळे निम्मे बदलून आणावे लागले.

दिवस निवडताना पाच जून आणि जुलैचा वनमहोत्सव सोडून द्यावा. त्या दिवसांत पाऊस असतो आणि सगळी गर्दी रोपे लावायच्या खड्ड्यांपाशी असते. मे महिन्यात निम्मी वस्ती गावी जाते. फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा रविवार, सकाळी साडेसात ते नऊ, ही वेळ आमच्या अनुभवात सर्वांत सोयीची ठरली आहे: हवा बरी असते, पांगारा किंवा सावर फुलण्याच्या बेतात असते आणि उन्हाळा तोंडावर असल्यामुळे त्याच जागी पाणी घालण्याच्या नव्या पाळ्यांचा तक्ता भरून घेता येतो. उद्यानात कार्यक्रम असेल तर विभाग कार्यालयातून उद्यान विभागाची परवानगी काही आठवडे आधी घ्यावी. मांडव घालणाऱ्याला मात्र आदल्या रात्री समोर उभे राहून सूचना द्यावी. एका वर्षी ‘वृक्षमित्र सन्मान सोहळा’ हा फलक आमच्या मांडववाल्याने चार इंची खिळ्यांनी थेट पिंपळावर ठोकला होता. झाडांना दिव्यांच्या माळाही गुंडाळू नयेत.

देणगीदारांचे आभार हिशेबातून मानावेत. कोणाच्या पैशातून किती टँकर आले आणि ते कोणत्या रस्त्यावर रिते झाले, हे एका कागदावर छापून वाटावे. ज्या दुकानदाराने नळ वापरू दिला आणि ज्या सोसायटीने फावडी ठेवायला जिन्याखालची जागा दिली, त्यांची नावेही त्याच कागदावर त्याच आकाराच्या अक्षरांत असावीत. लोखंडी जाळीवर देणगीदाराचे नाव कोरण्याला माझा विरोध आहे. झाड मोठे झाल्यावर ती जाळी काढायची असते, पण नाव असलेली जाळी काढायला कोणी धजावत नाही आणि शेवटी बुंधा तिच्यात रुततो.

भाषणे दोनच असावीत, तीही पाच-पाच मिनिटांची. उरलेला वेळ सर्वांनी मिळून जवळच्या तीन-चार झाडांपाशी चालत जावे आणि ज्याने ते झाड जगवले त्यानेच तिथे चार शब्द सांगावेत.

रविवारी सकाळी पाळीवर असलेला वॉचमन फाटक सोडून येऊ शकत नाही आणि भाजीवाल्याचा तर तो धंद्याचा दिवस असतो. अशांची नावे आदल्या आठवड्यातच वेगळी काढावीत, त्यांच्या पाळीची वेळ विचारावी आणि कार्यक्रम संपल्यावर सात-आठ जणांनी मानपत्र घेऊन थेट फाटकापाशी जावे. तिथेही मानपत्र मोठ्याने, पूर्ण वाचावे. सोसायटीच्या सचिवांना त्या वेळी खाली बोलावून घ्यावे.