१८७०ची अमेरिकन खानेसुमारी कशी वाचायची

कॅलिफोर्नियात रॉकलिनला लेकीकडे आले की दुपार सरता सरत नाही. सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात गेलेली, त्यामुळे जुना कागद दिसला की हात शिवशिवतात. लेकीनं फॅमिलीसर्च या घराण्यांच्या जुन्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर फुकटचं खातं उघडून दिलं आणि मी इथली १८७०ची खानेसुमारी वाचायला बसले. मुलांकडे सहा महिने राहायला आला असाल, तर करून बघा.

नाव टाकून शोधायला जाऊ नका. राज्य, काउंटी, गाव असं उतरत जा आणि पानं उलटा. तेव्हा खाणींत, रेल्वेवर राबणारा चिनी माणूस तर नावानं सापडणारच नाही. ओळीमागून ओळ 'आह ली', 'आह सिंग', पुन्हा 'आह ली'. मला आधी वाटलं एकच कुळ असेल. मग कळलं, 'आह' हे नावच नव्हे; कँटनकडच्या बोलीत घरच्या माणसाला हाक मारताना ते नावाआधी लावतात. आपल्या वाडीवर कारकुनानं यावं, 'ए बाळ्या', 'ए गण्या' ऐकावं आणि अख्ख्या वाडीचं नाव 'ए' लिहून मोकळं व्हावं, तसं हे. खरी नावं त्या बिचाऱ्यांना होतीच, विचारलं कोणी?

आता सहावा रकाना बघा, रंगाचा. गोऱ्याला डब्ल्यू, काळ्याला बी, मिश्र वंशाला एम, मूळ रहिवाशाला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'इंडियन'ला, आय आणि चिन्याला सी. रंगाच्या रकान्यात देश! हसू नका, १९२० ते १९४०च्या खानेसुमारीत याच यादीत 'हिंदू' आलं, आणि शीख, मुसलमान सगळे त्यातच कोंबले.

सातवा रकाना धंद्याचा. खाणकामगार, धोबी, स्वयंपाकी, रेल्वेवरचा मजूर. फार वेळ घालवू नका. आठव्यात जमिनीची किंमत असते. माझी नजर सवयीनं आधी तिथेच जाते आणि चिन्यांच्या ओळींत बहुतेकदा कोऱ्या जागेवरून घसरते.

थांबायचं ते एकोणिसाव्यावर. एकवीस वर्षांवरचा पुरुष नागरिक असेल तर तिथे खूण करायची. चीनमध्ये जन्मलेल्याच्या ओळीत ती खूण सहसा नसतेच. १७९०च्या कायद्यानं परदेशातून आलेल्या फक्त गोऱ्या माणसालाच नागरिक होता येत होतं. खानेसुमारीचे कारकून दारोदार फिरत होते त्याच उन्हाळ्यात, जुलै १८७०मध्ये, हा हक्क आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळाला. सिनेटर चार्ल्स समनर म्हणत होते, 'गोरा' हा शब्दच काढून टाका. ते काही झालं नाही. चिन्यांना थेट १९४३पर्यंत थांबावं लागलं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' कोरं असलं की मालक सुखानं झोपतो. इथल्या कोऱ्या रकान्याचा अर्थ उलटा.

मूळ रहिवासी शोधायचे असतील तर १८६०ची पानं काढा आणि गोऱ्या कुटुंबाच्या यादीच्या तळाशी बघा. आठ-दहा वर्षांचं पोर, आडनाव नाही, आईबाप नाहीत. कॅलिफोर्नियाच्या १८५०च्या कायद्यानं मूळ रहिवाशांची मुलं अशी ठेवून घेता येत. मुलगा अठरा वर्षांचा, मुलगी पंधराची होईपर्यंत. कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द आहे. सरकारी कागद मी पुष्कळ पाहिलेत, पण ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला.

मग १८७० आणि १८८०, एकाच गावाची पानं समोरासमोर ठेवा. किती 'सी' राहिले, मोजा. रॉकलिनमधून सप्टेंबर १८७६मध्ये गावानं चिन्यांना हुसकावून लावलं, त्यांची घरं मोडली. हे खानेसुमारीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं. कॅलिफोर्नियाची पुष्कळशी नेटवर फुकट आहेत. शोधताना नुसतं 'चायनीज' टाकून भागत नाही. 'सेलेस्टियल', 'मंगोलियन', 'जॉन चायनामन' हे टाका. टोमण्याचे शब्द आहेत, टाइप करताना बोट अडखळतं, पण बातम्या त्याच शब्दांत छापल्यात.

कोर्टाच्या दप्तरात साक्ष मिळाली नाही म्हणून गुन्हा झालाच नाही, असं धरू नका. लिंग सिंग नावाच्या चिनी माणसाच्या खुनात जॉर्ज हॉल दोषी ठरला होता. १८५४मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली, कारण साक्षीदार चिनी होते आणि गोऱ्याविरुद्ध चिन्याची साक्ष चालत नाही, असं ठरवलं.

१८९०ची खानेसुमारी मागू नका. वॉशिंग्टनच्या १९२१च्या आगीनंतर तिच्यातलं फारच थोडं उरलंय. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२चा, म्हणजे नेमका त्या पोकळीच्या तोंडाशी. पुढचं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघायचं. बंदीनंतर येणाऱ्यांच्या चौकश्यांचे कागद तिथे आहेत: चीनमधल्या तुझ्या गावात घरं किती, विहीर कुठल्या बाजूला, शेजारी कोण. आधी वेळ ठरवून जा. वही-पेन नेऊ नका. आत पेन्सिलच चालते. लेकीला रजा टाकायला सांगितलीय.