सातवीची पोरं गायचीच नाहीत, मग काय केलं (माझा अनुभव)

जळगावकडच्या एका शाळेत संगीत शिकवतो, वर्गात ५० च्या वर पोरं आणि पेटी एकच, तिचाही भाता फुसफुसतो. पाचवी-सहावी मस्त गातात पण सातवीची मागच्या बाकावरची पोरं तोंडच उघडेनात. मला वाटलं मस्ती चाललीय, दोनदा उभं पण केलं (चुकलंच ते). शेवटी एकजण हळूच म्हणाला, सर मना आवाज फाटस (अहिराणीत, म्हणजे माझा आवाज फाटतो).

तेव्हा डोक्यात उजेड पडला. १२-१३ व्या वर्षी पोरांचा आवाज फुटतो, घशातल्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते, आणि मी आपला पाचवीपासूनच्या सवयीने काळी पाचलाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) सा धरून बसलेलो, गाणं तार सप्तकात म्हणजे वरच्या सुरांत गेलं की बिचाऱ्यांच्या आवाजाचा कोंबडा व्हायचा आणि पोरी फिदीफिदी हसायच्या.

मग सा खाली आणला, काळी एक. सा ते प एवढ्या पाच सुरांतच बसेल असं काहीतरी हवं होतं तर एका पोरीने घरचं कानबाईचं (खानदेशातली लोकदेवी) गाणं म्हणून दाखवलं, श्रावणात बाया म्हणतात ते, चालीला सोपं आणि ओळ परत परत येते. ज्यांना गायचंच नाही त्यांना बाकावर वाजवायला केरवा ताल दिला, धागेनाती नकधीन, आठ मात्रा, पाचव्या मात्रेला खाली (रिकामी मात्रा) म्हणून तिथे हात वाजवायचा नाही, हवेत उघडा करायचा. आठवड्याभरात तोच पोरगा ठेका धरता धरता गुणगुणायला लागला. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

शेजारच्या गणिताच्या मॅडम मात्र बाकाच्या आवाजाने जाम वैतागल्यात, त्याचं अजून काही जमलेलं नाही.