फौजीच्या डोक्याला मार, अंगात कळा, मनात घालमेल: कौशल्यं शिकवताना या चुका टाळा

कामठी-नागपूर पट्ट्यात निवृत्त फौजींची घरं पुष्कळ. डोक्याला मार लागलेला, कंबर सतत दुखणारी, वर झोपेचा पत्ता नाही, अशांसाठी मोजक्या बैठकांची कौशल्याधारित थेरपी असते. ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजे दुखणं आणि नको ते विचार सोबत असतानाही महत्त्वाचं ते करत राहायला शिकवणारी पद्धत, तर अमेरिकेत माजी सैनिकांसाठी एका दिवसाच्या कार्यशाळेतही बसवली गेली. आटोपशीर असली तरी शिकवणाऱ्याच्या घाईने ती वाया जाते.

एका दमात सगळं शिकवणं. मेंदूला इजा झाल्यावर लक्ष लवकर थकतं, ऐकलेलं निसटतं. फौजी शिस्तीत "जी सर" म्हणतो, त्यावरून कळलं असं धरू नका. 20 मिनिटं बोलणं, 5 मिनिटं विसावा, बैठकीत एकच कौशल्य. शेवटी त्यांनाच करून दाखवायला सांगा आणि तीन ओळी ठळक अक्षरांत कार्डावर लिहून द्या. मे महिन्यात बैठक सकाळी आठला घ्या. दुपारी कुलरची घरघर चालू ठेवली तर आवाज न सोसणारं डोकं ठणकतं, बंद केला तर उकाड्याने जीव जातो.

कळ उठल्यावरच श्वासाची आठवण. "खोल श्वास घ्या" म्हटलं की माणूस भराभर छाती भरतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते. 4 मोजत नाकाने हलकेच घ्या, 6 मोजत सोडा. रोज दोनदा, 5 मिनिटं, दुखणं कमी असताना. डोळे मिटायचा आग्रह नको, मिटल्यावर काहींना ज्यात मार लागला नेमका तो स्फोटच दिसतो. नजर फरशीवर चालेल.

बऱ्या दिवशी सगळी कामं उरकणं. ही चूक सर्वांत जास्त होते, आणि घरचेच कौतुकाने करवतात. गच्ची झाडली, बुधवारी बाजार गाठला, मग दोन दिवस अंथरूण. त्याऐवजी तीन दिवस नोंद करा: चालताना दुखणं किती मिनिटांनी वाढतं? सरासरी 15 आली तर 12 वर सुरुवात. गजर वाजला की थांबायचं, बरं वाटत असलं तरीही. आठवड्याला मिनिटभर वाढवा. वाईट दिवशी निम्मं करा, शून्य नको.

"आधी दुखणं जाऊ द्या." ते पूर्ण जाईलच असं नाही. नातवाला शाळेत सोडणं महत्त्वाचं वाटत असेल, तर कोपऱ्यापर्यंत आजच सोडा. "मी निकामी झालो" असं मनात आलं की "असा विचार आलाय" म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. घरच्यांचं "विचारच करू नका" इथे काही कामाचं नाही.

झोपेसाठी कॅन्टीनची रम. डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते. मेंदूच्या इजेनंतर दारूने फिट येण्याचा धोकाही वाढतो. मात्र रोज पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम सोडू नये. डोकेदुखीवर साधी गोळीसुद्धा महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकं दुखवू शकते. तो हिशेब लिहून ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) डॉक्टरांना दाखवा.

वारंवार उलट्या, फिट, एका बाजूची ताकद जाणं किंवा वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर थेरपी बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठा. जीव द्यायचं बोलणं निघालं तर एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा.